चौथी गाठ भरतीला

स्टुडिओत त्याला सगळे ओठवाला म्हणायचे. खरं नाव दारावरच्या हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं. परभाषेतला कार्टून सिनेमा आला की त्यातल्या संवादांना आणि गाण्यांना आपल्या भाषेतले शब्द द्यायचे, हे त्याचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण पडद्यावरच्या माणसाचे ओठ आधीच हलून गेलेले असतात. जिथे ते मिटतात तिथे प, फ, ब, भ, म यातलंच काहीतरी यावं लागतं. ओठ मिटलेले आणि ऐकू येतंय 'आकाश', असं झालं की शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. बावीस वर्षं हेच करत असल्यामुळे त्याला एक खोड लागली होती. समोरचा काय बोलतोय यापेक्षा कसं बोलतोय याकडेच तो बघायचा. बायको म्हणायची, "माझं ऐकतोयस की मोजतोयस?"

त्या वर्षी एक मोठा सिनेमा आला. बेटावर राहणारी एक लहान मुलगी, तिचं गाणारं घराणं आणि विसरत चाललेली गाणी, अशी गोष्ट. त्यात मध्यावर दोन मिनिटांचा एक प्रसंग होता. आजी अंगणात बसून मासेमारीचं जाळं विणतेय आणि नातीला गाणं शिकवतेय. मागे वाद्य नाही, काही नाही, नुसता आवाज. सिनेमा बनवणाऱ्यांनी कळवलं होतं की या प्रसंगात प्रत्येक भाषेने आपलं गाणं, आपली चाल वापरावी. ओठ मात्र जुळले पाहिजेत.

ओठवाल्याने तीन गाणी लिहिली. पहिलं दिग्दर्शिकाबाईंनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं वाचताना त्यांनी चहा मागवला. तिसरं सुरू होत होतं, 'परंपरेच्या पवित्र सुरांनो, अमर रहा'. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "ओठ अगदी चोख बसलेत हो. पण ही आजी भाषण करतेय. सोमवारपर्यंत बघा काही जमतंय का."

तो कागद आणि लॅपटॉप घेऊन घरी आला. दुपारची वेळ. बायको औषधांच्या दुकानात काम करायची, ती संध्याकाळी यायची. घरी फक्त सासूबाई होत्या. पाय मोडल्यामुळे चार महिन्यांपासून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालायच्या. जावई आणि सासू दोघंही भिडस्त. त्यांचं बोलणं चहापासून सुरू व्हायचं आणि चहापाशीच संपायचं.

तो जेवणाच्या टेबलावर बसला आणि आवाज बंद करून तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावू लागला. सासूबाई समोर लसूण सोलत होत्या. थोड्या वेळाने त्यांचे हात थांबले.

"जावईबापू, ही म्हातारी काय करतेय?"

"गातेय, आई. नातीला गाणं शिकवतेय."

"गात नाहीये. मोजतेय."

त्याला कळेना. सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि पडद्यावर लसणाचं बोट टेकवलं. "हातांकडे बघा ना. तोंडाकडे काय बघताय? गाठ पडली की मान खाली. गाठ पडली की मान खाली. ज्याने हे चित्र काढलंय त्याने जाळं विणणारी बाई नीट बघितलेली आहे. तुम्ही काय शब्द घातलेत?"

त्याने संकोचत वाचून दाखवलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगलं आहे. पण पोरगी झोपेल."

सासूबाईंनी बंदरावरच्या शेडमध्ये तीस वर्षं जाळी विणली होती, हे त्याला माहीत होतं. लग्न ठरताना कुणीतरी ओझरतं सांगितलं होतं. पुढे त्या घरात तो विषय कुणी काढला नाही, म्हणून त्यानेही नाही काढला. आज त्याने विचारलं, "तुम्ही काय म्हणायचात, मोजताना?"

सासूबाईंनी लसणाची टरफलं गोळा केली, आत टाकून आल्या आणि पुन्हा बसल्या. मग भिंतीकडे बघत अगदी हळू म्हणाल्या,

"एक गाठ पाण्याला, दुसरी गाठ माशाला,
तिसरी गाठ बापाला, परत ये रे घरी.
चौथी गाठ वाऱ्याला, थांब म्हणावं दारी..."

आवाज फाटका होता, पण ताल असा की टेबलावरच्या वाटीलाही तो पाळावा लागला असता. ओठवाल्याच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी सवयीने डोकंही चालू लागलं. पाण्याला, माशाला, बापाला, परत. सगळीकडे ओठ मिटत होते. त्याने तुकडा मागे नेला. "आई, पुन्हा म्हणा."

तेवढ्यात कुलूप उघडल्याचा आवाज आला. बायको त्या दिवशी लवकर आली होती. सासूबाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकते." बायकोने पर्स खुंटीला लावली. ती आतल्या खोलीत गेली आणि दार जरा जास्तच जोरात लागलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते चार असा त्यांचा कारखाना सुरू झाला. गाणं जवळजवळ सगळं बसलं. चौथ्या गाठीपाशी मात्र घोडं अडलं. पडद्यावरची आजी तिथे ओठ घट्ट मिटत होती आणि सासूबाई म्हणत होत्या 'वाऱ्याला'.

"व ला ओठ दाताला टेकतात, आई. मिटत नाहीत. तिथे दुसरा शब्द हवा."

"चौथी गाठ वाऱ्याचीच असते. ती कशी बदलणार? तुमच्या बाहुलीला सांगा तोंड उघडायला."

"ती ऐकत नाही. तिचं चित्र काढून झालंय."

"मग मी कशाला ऐकू? माझंही वय झालंय."

दोन दिवस हा वाद चालला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, "आमच्या शेडमध्ये एक थोरली होती. तिचा नवरा भरतीच्या वेळी बुडाला. ती वाऱ्याच्या जागी भरती म्हणायची. तिच्यापुरतं आम्ही सगळ्याजणी तसंच म्हणायचो. ती बसलेली असली की 'चौथी गाठ भरतीला'. चालेल?"

भ. ओठ मिटतात. त्याने तो शब्द लगेच कागदावर उतरवला.

"पुढेही आहे का गाणं?"

"आहे की. वीस-बावीस गाठी आहेत." सासूबाई जरा घुटमळल्या. "सगळ्या सांगण्यासारख्या नाहीत. मुकादमावर आहेत. एक जावयावरही आहे."

"म्हणा ना."

"नववी गाठ जावयाला, बसून खातो घरी." मग घाईने म्हणाल्या, "तुम्हाला उद्देशून नाही हो. तुम्ही व्हायच्या आधीपासूनचं आहे."

भर दुपारी लॅपटॉप घेऊन घरी बसलेला जावई एवढ्या जोरात हसला की सासूबाईही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

त्याने घरी मोबाइलवर घेतलेलं ध्वनिमुद्रण दिग्दर्शिकाबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "कुणाचा आवाज?" त्याने सांगितलं. "त्यांनाच घेऊन या," त्या म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावभर शोधताय."

सासूबाई ठेवणीतली साडी नेसून स्टुडिओत आल्या. काचेपलीकडच्या खोलीत त्यांना माइकसमोर उभं केलं, कानाला हेडफोन लावले, समोर पडद्यावर आजी सुरू झाली. आणि काहीच जमेना. उभं राहून गाता येईना म्हणून खुर्ची आणली. हात रिकामे म्हणून सूर सापडेना, तेव्हा हातात दोरी दिली. दोरी आल्यावर आवाज असा लागला की रेकॉर्डिंग करणारी मुलगी हातातलं सँडविच विसरली. पण गाण्याची गती दोरीची होती, पडद्याची नव्हती. पडद्यावरची आजी थांबली तरी यांचं सुरूच, आणि ती गात असताना या गाठ आवळायला थांबायच्या. चोवीस वेळा घेतलं. पंचविसाव्या वेळी सासूबाईंनी स्वतःच हेडफोन काढून ठेवले.

बाई काचेमागून बाहेर आल्या. "आजी, गाणं तुमचंच राहील. पण गाण्यासाठी मला दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल. तुम्ही तिला शिकवाल का?"

"विचार करून सांगते," सासूबाई म्हणाल्या.

परतताना टॅक्सीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ओठवाल्याला अपराध्यासारखं झालं. नसत्या फंदात आपणच म्हातारीला ओढलं, असं वाटून तो म्हणाला, "आई, माझं चुकलं. तुम्हाला उगाच त्रास दिला."

"त्रास कसला? मला वाटत होतं आता हे माझ्यापाशीच संपणार. ते बरंच होतं. जबाबदारी नव्हती." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "ती गाणारी मुलगी खाली बसू शकते का? की खुर्चीच लागते?"

गाणारी मुलगी खाली बसू शकत होती. ती चांगली तयारीची गायिका होती, गळा साखरेसारखा. ती तीन दुपारी घरी आली. सासूबाईंनी खिडकीच्या गजाला सुतळी बांधली, एक टोक तिच्या हातात दिलं आणि आधी गाठ शिकवली. पहिली दुपार गाण्याचा एक शब्दही नाही. दुसऱ्या दुपारी गायिकेने ओळ म्हटली तशा सासूबाई म्हणाल्या, "फार गोड झालं. हात दुखत असताना माणूस एवढं गोड गात नाही. दहा गाठी घाल, मग म्हण."

तिसऱ्या दुपारी बायको पुन्हा लवकर घरी आली. या वेळी ती आत गेली नाही. उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. आईच्या दोन्ही हातांत गायिकेचे हात होते आणि दोघी मिळून तिसरी गाठ घालत होत्या.

"हिला तीन दिवसांत शिकवलंस," बायको म्हणाली. आवाज साधाच होता. "मला शेडच्या दारातूनही आत येऊ द्यायची नाहीस. बाकीच्या मुली आयांजवळ बसायच्या, गायच्या. मी बाहेर डबा घेऊन उभी. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

गायिकेने सुतळी खाली ठेवली. ओठवाल्याने उठावं की बसावं या विचारात नुसतीच खुर्ची सरकवली.

"आमच्यात म्हणायचे, गाणं आलं की जाळं विणायची सुई हातात येते," सासूबाई म्हणाल्या. "ज्या ज्या पोरी गाणं शिकल्या, त्या सगळ्या शेडमध्येच राहिल्या. बघ, मोज हवं तर. तू शाळेत पहिली यायचीस. म्हणून तुला दाराबाहेर ठेवलं."

"मग तसं सांगायचं ना, आई."

"सांगितलं असतं तर तू हट्टाने आत आली असतीस. तुला मी ओळखत नाही का?"

बायको हसली नाही, पण तिचे खांदे सैल झाले. सासूबाईंनी गजाला दुसरी सुतळी बांधली आणि टोक पुढे केलं. "आता तुझ्या हातात सुई येण्याची भीती नाही. बस. चप्पल काढ आधी."

ती बसली. पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली. पण संध्याकाळपर्यंत तिघींचे आवाज एकाच ठेक्यावर यायला लागले होते, आणि ओठवाल्याने त्या दिवशी चहा स्वतः केला. साखर घालायला विसरला, पण कुणी बोललं नाही.

स्टुडिओत गायिकेने चौथ्या वेळी गाणं बरोबर दिलं. ओठ जुळले. तिच्या आवाजातला गोडवा पूर्ण गेला नव्हता, पण शब्दाच्या टोकाला जरासा खरखरीत धागा लागला होता. बाईंनी तो पुसू दिला नाही.

सिनेमा लागला त्या रविवारी तिघं सकाळच्या खेळाला गेली. थिएटर पोराटोरांनी भरलेलं, मक्याच्या लाह्यांचा सडा पडलेला. आजीचा प्रसंग आला तेव्हा बायकोने आईचा हात धरला. सासूबाई मात्र पडद्याकडे बघत मान खाली-वर करत होत्या, हातात काही नसताना. सिनेमात गाणं चौथ्या गाठीलाच थांबतं, कारण तेवढ्यात नातीला कुणीतरी हाक मारतं.

शेवटी पाट्या वर सरकू लागल्या. बायकोने दाखवलं तेव्हा सासूबाईंना त्यातलं आपलं नाव दिसलं, पण वाचेपर्यंत ते वर गेलं. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आहे ना, झालं तर."

माणसं उठायला लागली. मागच्या रांगेत पाचेक वर्षांची एक मुलगी खुर्चीला धरून बसली होती. तिचे वडील तिला ओढत होते आणि ती उठायला तयार नव्हती. "पण पाचवी गाठ कुणाला?" ती विचारत होती. "सांगा ना बाबा. पाचवी कुणाला?"

"सिनेमा संपला, बाळा. पाचवी नाहीये."

सासूबाई काठीवर भार देऊन वळल्या. "नाही कशी? आहे. पाचवी गाठ सुटलेली, पुन्हा घालू तरी." मुलीच्या चेहऱ्यावर प्रश्न तसाच राहिलेला बघून त्या समजावू लागल्या, "म्हणजे असं बघ, एखादी गाठ सुटतेच. सगळ्यांची सुटते. म्हणून तिच्यासाठी एक जागा ठेवलेली असते. म्हण बघू."

मुलीने म्हटलं. तिच्या दोन मोठ्या भावांनीही म्हटलं, एकाने मुद्दाम बेसूर. वडिलांनी मोबाइल खिशात ठेवला. सफाई कामगार झाडू घेऊन आत आला आणि या रांगेपाशी थांबला, कारण वाट अडली होती.

"आणि सहावी?" मुलीने विचारलं.

सासूबाईंना सहावी आठवेना. त्या आठवू लागल्या, ओठ हलवत, बोटं मोडत. तेव्हा शेडच्या दाराबाहेरून ऐकलेली ती ओळ बायकोने शेजारून हळूच सुरू केली, ताल अर्धा चुकवत, आणि सासूबाईंनी तिला सुधारलं नाही.