बा कासोंदेंचा कडेचा प्यादा

मित्रांनो, माझे डोके एका बाजूने उडाले आहे आणि बुडाचे हिरवे कापड कधीच निघून गेले आहे. तरी तुम्ही मला ओळखाल. बुद्धिबळाच्या पटावर हत्तीपुढे, अगदी कडेला उभा असतो तो पांढरा प्यादा म्हणजे मी.

लुआंश्या गावातल्या एका सुताराने मला फिकट लाकडातून घडवले आणि आमचा संच खाणकामगारांच्या क्लबात आला. मधल्या प्याद्यांची डोकी बोटे लागून गुळगुळीत झाली. मला मात्र सहसा कोणी हलवत नसे.

क्लबात बा कासोंदे येत. मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत. आमच्याकडे आदराने सगळ्यांनाच 'बा' म्हणतात; पण संघ निवडताना हा आदर कुठे जाई कोण जाणे! बाईंना कायम राखीव ठेवत. संघाचे प्रमुख बा मुलोंगोती, क्लबातले सर्वांत तगडे खेळाडू.

कितवे गावच्या संघाशी सामना होता. त्याआधी ते बाईंना म्हणाले, "तुम्ही सांभाळून छान खेळता हो. पण पहिला पट म्हणजे समोरच्यांच्या सर्वांत तगड्या खेळाडूशी गाठ. तिथे हल्ला करणारा माणूस लागतो."

"मग बसा समोर," बाई म्हणाल्या. "जिंकले तर पहिला पट माझा."

"आणि हरलात तर?"

"तर संघाच्या जेवणाला मक्याच्या पिठाची नशिमा मी रांधीन, आणि पुन्हा तोंड उघडणार नाही."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

बाईंचा राजा पटाच्या उजवीकडे किल्लेकोट करून हत्तीच्या आडोशाला बसला. बा मुलोंगोतींनी वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. त्यांचा राजा माझ्याच कोपऱ्यात आला आणि दुसऱ्या बाजूचे त्यांचे प्यादे बाईंच्या राजावर धावून निघाले. मागोमाग हत्ती आणि वजीरही.

बाईंनी मला उचलले. त्यांची बोटे गार होती. मला दोन घरे पुढे ठेवले, मग आणखी एक.

"अहो, तिकडे काय माशा मारताय? इकडे राजा मरतोय तुमचा!"

"तुमचा आधी मरतो का ते बघू."

मी आणखी एक घर सरकलो आणि त्यांच्या राजाच्या कुंपणाला भिडलो. मला खाल्ले असते, तर कुंपणच उघडे पडले असते. म्हणून त्यांनी राजापुढचा प्यादा एक घर पुढे रेटला. राजाच्या तोंडासमोरचे घर मोकळे झाले. त्या घरावर आता माझी नजर होती.

बाईंनी घोडा देऊन शह दिला. तो घोडा खाणाऱ्याला बाईंच्या वजिराने खाल्ले. बा मुलोंगोतींनी घाईने एक शह दिला, बाईंचा राजा बाजूला झाला, आणि त्यांच्याकडे दुसरा शह उरलाच नाही. बचावाला यायचे ते सगळे दूर, पलीकडच्या बाजूला. बाईंचा वजीर त्या मोकळ्या घरात जाऊन उभा राहिला. त्याला खायची राजाची छाती नव्हती, कारण त्याच्या पाठीशी मी होतो. मात!

"गमतीचा डाव होता, तो काय धरायचा," मागून कोणीतरी म्हणाले.

"धरायचा!" बा मुलोंगोती कडाडले. "हरलोय मी, तू नाहीस." मग पटाकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, पहिला पट तुमचा."

कितवेला बाई पहिला डाव हरल्या, हे मी लपवत नाही. पण पहिल्या पटावरून त्यांना पुन्हा कोणी उठवले नाही.

पुढे प्लॅस्टिकचे संच आले. आम्ही गळक्या छपराखाली पडून राहिलो. पेटी पडली तेव्हा माझे डोके फुटले आणि एक घोडा हरवला. आता मी बाईंच्या शाळेत असतो. मधल्या सुट्टीत मुली आम्हाला मांडतात. घोड्याच्या जागी बाटलीचे झाकण ठेवतात, आणि तेही बिचारे इमानाने अडीच घरे जाते.

मित्रांनो, खेळ संपला की आम्हाला पुसून, मोजून पेटीत ठेवत जा. आणि कडेला उभा आहे म्हणून कोणाला विसरू नका. त्याला चालायला थोडी वाट द्या. कोणाच्या पाठीशी उभे राहायचे, ते त्याला कळते.