मफलरआडचा माइक

मित्रांनो, मी एक जुना कॉलर माइक आहे. आकाराने हरभऱ्याएवढा आणि स्वभावाने भित्रा. भिऊ नको तर काय करू? आवाज सगळ्यांच्या आधी माझ्याच कानी यायचा.

कोरियातल्या सोल शहरात, एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. ध्वनिमुद्रक ओ ग्यूचान यांनी मला विकत घेतलं. रोज काम संपलं की ते मला कापसाने पुसत आणि डबीत निजवत. 'हा माझा तिसरा कान,' असं चारचौघांत सांगत. मग मी फुगून जाई.

आमचा शेवटचा चित्रपट विचित्रच होता. घटस्फोट झालेलं जोडपं दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर येतं, बर्फाला भोकं पाडून पाठीला पाठ लावून मासे धरतं आणि एक शब्दही न बोलता आपापल्या घरी जातं. एवढंच त्यांचं प्रेम! नायिका होती हेवन. बारा वर्षांपूर्वीपर्यंत ती खरोखरच ग्यूचानची बायको होती.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी, तिकडच्या रीतीप्रमाणे, डुकराचं मुंडकं मांडून, तांदळाची दारू वाहून सगळ्यांनी 'अपघात नको' म्हणत डोकं टेकवलं. माझी धाकधूक काही गेली नाही, कारण फेब्रुवारी सरत आला होता आणि तळ्यावरचा बर्फ पातळ होऊ लागला होता.

शेवटच्या शॉटमध्ये हेवन एकटीच बसणार होती. नायक त्या वर्षी येत नाही, अशी गोष्ट होती.

"माइक लावतो," ग्यूचान म्हणाले.

"लावा," हेवन म्हणाली.

त्यांनी मला तिच्या मफलरआड अडकवलं.

दिग्दर्शक प्यो कडाडले, "कुणी शिंकलं तरी गाठ माझ्याशी आहे!"

बर्फ सकाळपासून खोल घुमत होता. त्या आवाजाला कुणी भीत नव्हतं. पण आता हेवनच्या स्टुलाखालून बारीक टच्, टच् सुरू झालं. मग पाण्याची गुळगुळ. माझी पाचावर धारण बसली. मला ऐकता येतं, ओरडता कुठे येतं? जीव तोडून मी तो आवाज काठावरच्या ग्यूचानच्या कानांपर्यंत पोचवत राहिलो. हा माणूस नीट आवाज टिपायचा म्हणून आयुष्यभर इतरांना गप्प करत आला. आता तोच गप्प राहिला तर?

"हेवन! ऊठ! पळ इकडे!" ग्यूचान ओरडले.

ती धावली. मागे स्टूल गडप झालं. काठाशी पोचता पोचता तीही छातीपर्यंत आत गेली. ग्यूचाननी पालथं पडून तिला दंडाला धरून ओढलं. बर्फाचं पाणी माझ्या अंगात शिरलं.

दात वाजत असतानाच तिने त्यांच्या छातीवर मूठ मारली. "एवढं ओरडता येत होतं? मग मी बॅग घेऊन निघाले तेव्हा दातखीळ बसली होती का तुझी?"

"भ्यालो होतो गं," ग्यूचान म्हणाले.

यावर ती काय म्हणाली, ते मला ऐकूच आलं नाही. त्याच वेळी माझा कान गेला. आता मी बंद डबीत पडून असतो आणि अंधाराला भितो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना कोरडं ठेवा, पुसत जा. आणि आपलं माणूस दारातून निघालेलं दिसलं, तर भीती वाटली तरी हाक मारा. ऐकणारा कान कायम राहत नाही.