पहिल्या रांगेतला प्रवासी

"अहो, ते उडणार नाहीये! नुसतं रनवेवर धावणार आहे," गिरिजाने पुन्हा सांगितलं.

भगवान शिडीपाशी खिळून उभा होता. "धावता धावता उडालं तर?"

वर्षानुवर्षं लंडनजवळच्या क्रॉयडनला ट्राम चालवलेला हा माणूस विमानाच्या नावानेच गारठायचा. मोठ्या विमानात तो गोळी घेऊन झोपायचा, पण पंख्यांच्या या छोट्या, एटीपी नावाच्या ब्रिटिश विमानात त्याने कधी पाय ठेवला नव्हता. गिरिजाची एअरहोस्टेसची सगळी नोकरी मात्र याच विमानांत झाली. बायकोचं काम त्याने पाहिलं ते फक्त एअरपोर्टच्या कार पार्कमधून.

आता जुन्या विमानांच्या म्युझियमच्या हौशी मंडळींनी या म्हाताऱ्या विमानाची इंजिनं सुरू केली होती आणि पाहुण्यांना रनवेवर एक फेरी मारून आणायची होती. सूचना द्यायला त्यांनी गिरिजालाच बोलावलं. आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. आज नवऱ्याने आपल्याला काम करताना पाहावं, एवढंच तिला हवं होतं.

भगवान कसाबसा चढला आणि दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसला. पळायला बरं!

"पुढे वजन कमी पडतंय. सर, तुम्ही पहिल्या रांगेत या," गिरिजा कामाच्या आवाजात म्हणाली.

"जमिनीवर कसलं वजन गं?"

"इथे माझं ऐकायचं."

तो मुकाट्याने पुढे आला. पंखे गरगरायला लागले, खिडक्या थरथरल्या, सगळे टाळ्या पिटू लागले. गिरिजा माईक घेऊन उभी राहिली. हात आपोआप दारांकडे वळले, आवाज पूर्वीसारखाच खणखणीत निघाला. भगवान डोळे मिटायचं विसरूनच गेला. तिने वाकून त्याचा पट्टा आवळला आणि समोरच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

विमान सुसाट सुटलं. गवत, हँगर, माणसं भराभर मागे पडली. भगवान लहान मुलासारखा ओरडला, "अगं, जाऊ दे! वर जाऊ दे!"

रनवे संपत आला तसा वेग उतरला. विमान थांबलं.

"वर कधी नेतात मग?" त्याने विचारलं.

"हे आता उडत नाही हो. कधीच नाही."

तो सगळे उतरेपर्यंत पट्टा न सोडता बसून राहिला. बाहेर पंखे हळूहळू थांबले. गिरिजा दारात उभी राहून एकेकाला निरोप देत होती. शेवटी तो आला, इतरांसारखाच अदबीने मान लववून म्हणाला, "थँक यू, मॅडम. यायला फार उशीर केला मी."

"पुन्हा या, सर," सवयीने ती बोलून गेली.