गद्दाराचं ताट

“पोट आत घ्या, तात्सुजीसान. नाहीतर गद्दारीच्या आधीच दोऱ्या तुटतील,” असं म्हणत दातांचे डॉक्टर ओगिसो यांनी चिलखताची गाठ आवळली.

“पोट आतच आहे,” तात्सुजी म्हणाला. “बाहेर दिसतंय ते वय.”

तात्सुजी निवा बासष्ट वर्षांचा होता आणि आज त्याला एकोणीस वर्षांचं व्हायचं होतं. चारशे वर्षांपूर्वी जपानातल्या सेकिगाहाराच्या याच खोऱ्यात पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या सरदारांनी आपसांतल्या यादवीचा एका दिवसात निकाल लावला. पश्चिमेचा एकोणीस वर्षांचा सरदार कोबायाकावा दुपारपर्यंत डोंगरावर नुसता बसून राहिला. म्हणतात की पूर्वेकडून बंदुकीचे बार झाले, तसा तो खाली उतरला आणि स्वतःच्याच बाजूच्या ओतानी सरदारावर तुटून पडला. दर ऑक्टोबरात गाव राखून ठेवलेल्या रणांगणावर ती लढाई पुन्हा लढतं. ओतानी व्हायला रांग लागते. कोबायाकावा व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी उत्सव मंडळाने ते काम गावच्या पोस्टमनच्या, म्हणजे तात्सुजीच्या गळ्यात मारलं.

त्याला ते आवडायला लागलं, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. तो लाल मोटारसायकलवरून पत्रं टाकत फिरायचा तेव्हा बायका दारातूनच ओरडायच्या, “गद्दार आले! माझं पत्र शत्रूला नाही ना दिलंत?” आणि त्याचा दिवस मजेत जायचा. एरवी पोस्टमनकडे कोण बघतं?

सगळ्यात मोठा शत्रू घरातच होता. सासूबाई किकुए ज्या वस्तीतल्या, ती वस्ती पिढ्यान्‌पिढ्या ओतानीच्या समाधीची झाडलोट करत आलेली. जावई कोबायाकावा झालेला त्यांना कसा खपणार? लढाईच्या दिवशी त्या पहिल्या रांगेत बसायच्या आणि बार झाला की ताडकन उठायच्या. “अरे गद्दारा! ज्याच्या पंक्तीला जेवलास त्याच्याच जिवावर उठलास? उतर खाली! आणि संध्याकाळी घरी ये, ताट बाहेर मिळेल!” मग सारं मैदान ओरडू लागायचं. ताटही खरोखरच बाहेर असायचं. सगळे आत जेवायचे आणि तात्सुजी एकटा ओसरीवर.

सासूबाई जूनमध्ये गेल्या. ब्याण्णव वर्षांच्या होत्या.

आणि तात्सुजीपुढे एक अडचण उभी राहिली. उतारावर उभं राहिलं की नगाऱ्यांच्या गदारोळात त्याला बंदुकीचा बार ऐकूच येत नसे. डावा कान तर कामातूनच गेलेला. इतकी वर्षं तो उतरला तो बारावर नव्हे, सासूबाईंच्या आवाजावर. परवाच्या तालमीत तो खांबासारखा उभाच राहिला. सोबा शेवयांच्या दुकानाचे मालक हात्तोरी हे मंडळाचे अध्यक्ष आणि लढाईत पूर्वेचे सेनापती. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. “रागावू नका, तात्सुजीसान. पण लढाईतही असं झालं, तर पुढल्या वर्षी हे काम डॉक्टरांना देऊ. तरुण आहेत, दातही चांगले आहेत.”

आता डॉक्टर ओतानीच्या बाजूने मरायला खाली निघून गेले. तात्सुजी उतारावर एकटा उभा राहिला. त्याचे शिपाई पन्नास पावलं मागे, झुडपांआड होते.

नगारे सुरू झाले. भाले भाल्यांना भिडले. तात्सुजी उजवा कान पुढे करून उभा होता. खाली हात्तोरी पंखा हलवत होते, पण ते सकाळपासून पंखाच हलवत होते. बार झाला की नाही? बाराआधी उतरलं तर गद्दारीचीही शोभा व्हायची. लढणाऱ्यांनी ठरलेले वार संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मेलेले लोक माना वर करून डोंगराकडे बघू लागले. काहीतरी चुकतंय, एवढं त्याला कळलं.

“अरे गद्दारा!”

क्षणभर त्याला वाटलं, सासूबाईच आल्या. पण पहिल्या रांगेत उभी होती त्याची बायको फुसाए, चौतीस वर्षांच्या संसारात जिने स्वयंपाकघरातून ओसरीवर कधी मोठ्याने हाक मारली नव्हती.

“माझ्या आईच्या पंक्तीला जेवलास ना? उतर खाली! ताट बाहेर मिळेल!”

सारं मैदान उसळलं. तात्सुजी तलवार उपसून धावत सुटला. तो ओतानीच्या फौजेवर असा काही कोसळला की डॉक्टर ठरल्याच्या आधीच मेले.

“काय थांबलात हो!” नंतर हात्तोरी त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले. “अंगावर काटा आला. पुढल्या वर्षीही तुम्हीच, आणि इतकंच थांबायचं.”

तात्सुजीने नम्रपणे मान लववली.

घरी पोचला तेव्हा ऊन कलत होतं आणि ताट ओसरीवर मांडलेलं होतं.

“खरंच बाहेर?”

“आईची रीत आहे,” फुसाए म्हणाली. तिचा घसा पार बसला होता. “मेमध्येच सांगून ठेवलं होतं तिने. तुझ्या नवऱ्याला बार ऐकू येत नाही, माझ्यामागे तू ओरड म्हणून.”

“त्यांना माहीत होतं?”

“पहिल्या वर्षापासून.”

ती आत गेली. तात्सुजी मांडी घालून बसला आणि सवयीने भाताच्या वाडग्यात जेवणाच्या काड्या तळापर्यंत घातल्या. दरवर्षी तिथे भाजलेल्या माशाचा सगळ्यात मोठा तुकडा लपवलेला असायचा. सासूबाई त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत, त्यानेही कधी विचारलं नाही. हे काही त्यांनी लेकीला सांगितलेलं दिसत नव्हतं. यंदा तळाशी नुसता भात होता. जून महिन्यापासून आली नव्हती एवढी त्यांची आठवण त्याला आत्ता आली.

“काही कमी आहे का हो?” आतून बसका आवाज आला.

“छे,” तो म्हणाला. “सगळं आहे.”

आणि त्याने शेवटच्या शितापर्यंत भात संपवला.