साहेबांसाठी रिकामा केलेला थांबा

मित्रांनो, शहरातल्या उस्मानपुऱ्याहून बिडकीनकडे निघालात, की पैठण रस्त्यावर एका फाट्याला कडुलिंबाशेजारी एक छप्पर दिसेल. तो बसथांबा म्हणजे मी. नीट बघून घ्या, कारण हल्ली बसच्या खिडकीतून माझ्याकडे कुणी बघत नाही. बघणार कुठून? बसच येत नाही!

मला पाइप जोडून उभं केलं तेव्हा मी भलताच खुशीत होतो. सकाळी माझ्याखाली नुसती दाटी व्हायची. भाजीची गाठोडी काय, शाळेची दप्तरं काय! कुणी माझ्या खांबाला पाठ घासायचं, कुणी बोटाचा चुना पुसायचं. मी कुरकुर करायचो, पण खरं सांगतो, मला ते आवडायचं. समोरचा हॉटेलवाला सखाराम चहा उकळता उकळता ओरडायचा, "आली रे आली!" की सगळे एकदम उठायचे.

त्यातच विशाखा असायची, रामकिसनची धाकटी लेक. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, कॉलेज उस्मानपुऱ्यात. पहिल्या दिवशी रामकिसननं माझ्याच बाकावर बसून तिला बजावलं होतं, "पोरी, बसनं जायचं, बसनंच यायचं. अंधारात काळीपिवळीची वाट बघत हुभं राहायचं नाय. बस हाय तवर तुझं शिक्षण हाय." काळीपिवळी म्हणजे आमच्याकडची भाड्याची जीप. खच्चून भरल्याशिवाय ती जागची हलत नाही.

मग एक दिवस बातमी आली. शहराच्या आणि आसपासच्या गावांच्या वाहतुकीचा नवा आराखडा होणार होता. कुठली बस ठेवायची आणि कुठली काढायची, हे ठरवण्यासाठी साहेब लोक थांब्यावर येऊन बसमध्ये चढणारी माणसं मोजणार होते. मी म्हटलं, चला, आपलं नशीब उघडलं! गर्दीला इथं काय तोटा?

पण आमचे नानासाहेब! गावचे माजी सरपंच. माणूस मनानं चांगला, पण 'साहेब येणार' एवढं कानावर पडलं की त्यांच्या अंगातच येतं. आदल्या साली स्वच्छतेच्या पाहणीत गावाला बक्षीस मिळालं होतं. नानांना वाटलं, हीही तसलीच पाहणी. पहाटेच मला धुऊन काढलं, तोरण बांधलं, पुढं रांगोळी घातली आणि भोवती दोरी लावली. वर दोन काळीपिवळ्या मागवून सगळी माणसं त्यात कोंबायला सुरुवात केली.

"नाना, ते माणसं बघायला यायलेत," विशाखा म्हणाली. "मग आमालाच कामून हाकलायलात?"

"अगं, ढकलाढकली, भांडणं, सायबापुढं लई वंगाळ दिसतंय. एका दिवसानं काय बिघडतंय? बस मुकाट!"

मोठ्या माणसापुढं जास्त कसं बोलणार? बसली बिचारी जीपमध्ये.

साहेब आले. त्यांच्याबरोबर हातात टॅब घेतलेल्या एक मॅडम होत्या. बस आली, दार उघडलं, एकही माणूस चढला नाही, दार लागलं. नानांनी साहेबांना शाल आणि नारळ दिला.

मॅडमनी विचारलं, "इथं रोज असंच असतं का?"

नाना छाती फुगवून म्हणाले, "रोज असंच! कुत्रंबी दिसायचं नाय."

मित्रांनो, कपाळावर मारून घ्यायला मला हात नाहीत. नाहीतर त्या दिवशी माझा पत्राच वाकला असता!

व्हायचं तेच झालं. प्रवासी नाहीत म्हणून बस बंद. विशाखा काही दिवस जीपनं गेली. संध्याकाळी जीप भरायची नाही, पोरगी तिकडंच अडकायची, आणि तिची आई भामाबाई माझ्या बाकावर बसून रस्त्याकडे डोळे लावायची. शेवटी रामकिसन म्हणाला, "बास झालं आता." विशाखाचं कॉलेज सुटलं.

आणि ऐका गंमत! त्याच आराखड्यातून पैसा आला. कुणासाठी? माझ्यासाठी! चकचकीत खुर्च्या आल्या, नवं छप्पर आलं, बसची वेळ सांगणारा दिव्यांचा फलकसुद्धा आला. सखारामनं साहेबांना विचारलं, "सायेब, ह्याच पैशात बस नाय का चालू होणार?" साहेब म्हणाले, "बांधकामाचा निधी वेगळा, बस चालवायचा वेगळा. इकडचा तिकडं वळवता येत नाही." म्हणजे ताट चांदीचं, अन् भाकरीचा पत्ता नाही!

उद्घाटनाला पुन्हा तेच. साहेब, मॅडम, तोरण, रांगोळी, दोरी. नाना ओरडत होते, "फीत कापूस्तोवर आत कुणी जायचं नाय!"

तेवढ्यात विशाखा आली. अंगावर नर्सिंगचा पांढरा ड्रेस, खांद्याला बॅग. दोरीखालून वाकून सरळ आत आली आणि खुर्चीवर बसली.

"ताई, कार्यक्रम होईपर्यंत बाहेर थांबता का?" मॅडम म्हणाल्या.

"मागच्या बारीला बाहेरच काढलं होतं, म्हणून तर बस गेली. आता मोजा आमाला."

"ऊठ पोरी," नाना कळवळून म्हणाले. "एवढा एक दिवस..."

"एका दिवसानंच बिघडलं, नाना. माझं वरीस गेलं."

मागून भामाबाई आत आली, गाठोडीवाल्या बाया आल्या, दप्तरवाली पोरं आली. बघता बघता मी गच्च भरलो. कुणीतरी नव्या खांबाला पाठ घासली. शेवटी नानांनी स्वतःच्या हातानं दोरी सोडली. साहेब कात्री घेऊन उभेच राहिले, आणि मॅडमनी मुकाट्यानं टॅब काढला.

बस अजून आलेली नाही. फेरविचार चालू आहे म्हणतात, चालू द्या. विशाखा रोज सकाळी तिच्या बसच्या वेळेला ड्रेस घालून येते आणि त्याच खुर्चीवर बसते. माझ्या फलकावर 'पुढील बस' एवढंच उजळतं, पुढं काही नाही.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. पुन्हा कुणी पाहणीला आलं, तर मला खुशाल मळका राहू द्या, चुन्याचे डागही असू द्या. माझ्याखालची माणसं तेवढी हलवू नका.