बायको म्हणूनच येईन

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी चिडकी नाही, स्पष्ट आहे. चिडकी मला आमची आत्या म्हणते, आणि तिचं ऐकून सगळं घर म्हणायला लागलं. पण लग्न माझं, परदेशात जाणार मी, कागदावर सही माझी, मग मी नाही बोलायचं तर काय भिंतींनी बोलायचं?

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून साचा करतो, मेणात दात बसवतो आणि कवळी तयार करतो. कॉलेज सुटल्यापासून हेच करतेय, मधली सहा वर्षं सोडून. त्या सहा वर्षांत माझं पहिलं लग्न झालं आणि मोडलंसुद्धा. त्या माणसाला बायकोने नोकरी केलेली खपत नव्हती. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, नुसतं मागणं. साबण संपला की मागायचं, चप्पल तुटली की मागायचं, आणि दर वेळी तो 'कशाला?' असं विचारून मगच द्यायचा. बाहेर पडले त्या दिवशी कानाला खडा लावला की पुन्हा कुणापुढे हात पसरायचा नाही.

मग हा भेटला. दादाचा शाळेतला मित्र. तिकडे लिफ्ट दुरुस्त करायला गेला आणि तिथलाच होऊन बसला. लग्न राहूनच गेलं होतं. सुट्टीवर आला होता तेव्हा दादाने त्याला जेवायला बोलावलं. मी आत्याला काहीतरी फटकन बोलले, तर हा पठ्ठ्या खो खो हसला. आमच्या घरात माझ्या बोलण्यावर कुणी हसत नाही, सगळे कपाळाला हात लावतात. परत गेल्यावर त्याचा रोज फोन. मी इकडे कवळी घासत बसलेली, तो तिकडे लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला, आणि आमच्या गप्पा चाललेल्या. मला तो फार आवडतो. हे लिहायला मी लाजत नाही, या वयात लाजायला वेळ कुणाला आहे?

लग्न ठरलं आणि मी वकीलबाईंकडे गेले, तो तिकडून फोनवर. व्हिसाचं काम त्या बघतात. त्यांनी टेबलावर दोन फाइली ठेवल्या आणि सांगितलं, रस्ते दोन आहेत. पहिला वाग्दत्त वधूचा. लग्न न करता जायचं, तिथे पोचल्यावर ठरलेल्या मुदतीत लग्न करायचं. हा रस्ता लवकरचा. पण तिथे गेल्यावर कामाची परवानगी मिळेपर्यंत घरात बसायचं, आणि तोवर मधेच देश सोडला तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज. दुसरा रस्ता बायकोचा. इथे कायद्याने लग्न नोंदवायचं, मग बायको म्हणून अर्ज करायचा. त्याला वर्ष जाईल, जास्तही जाईल. पण विमानातून उतरल्या दिवसापासून काम करता येतं, हवं तेव्हा येता-जाता येतं.

"दुसरा," मी म्हणाले. वकीलबाईंचं वाक्यही पुरं झालं नव्हतं.

फोनवर तो हळूच म्हणाला, "अगं, आईचं काय?"

त्याची आई त्याच्याजवळ राहते. हृदय निकामी होत चाललंय. डॉक्टरांनी वर्षाची खात्री दिलेली नाही. तिचं एकच म्हणणं, मुलाचं लग्न डोळ्यांनी बघायचं आणि सून घरात आलेली बघायची. आता यावर काय बोलणार? मी कवळ्या करते, पण माझं काळीज काही प्लॅस्टरचं नाही. आठवडाभर झोपले नाही, लॅबमध्ये एका आजोबांचे वरचे दात खालच्या साच्यावर बसवून ठेवले. शेवटी वकीलबाईंना फोन करून सांगितलं, पहिल्या रस्त्याचे कागद करा. बोलताना माझा आवाज मलाच परका वाटला.

मी हो म्हटल्यावर घोडं गंगेत न्हालं असं मला वाटलं. पण आत्याचं नवंच सुरू झालं. आईबाबा गेल्यावर आम्हां दोघांना तिनेच वाढवलं, त्यामुळे तिचा शब्द घरात शेवटचा. ती म्हणाली, "लग्न न होता परक्या पुरुषाच्या घरात जाऊन राहायचं? चार लोकांना मी काय सांगू? तो सह्या करायला येतोय ना, तेव्हा घरच्या घरी लग्न लावून टाकू. सरकारला सांगायची काय गरज?"

"आत्या, अर्जावर लिहायचंय की आमचं लग्न झालेलं नाही."

"मग लिही की. नोंद कुठे करतोय आपण?"

दादा म्हणाला, "कोण बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी दोघांनाही बजावलं, असलं काही करायचं नाही. नोंद नाही, म्हणजे कागदावर मी बायको नाही. आणि फोटो सगळीकडे फिरणार, म्हणजे मी वाग्दत्त वधूही नाही. उद्या तिकडच्या साहेबाने एक फोटो पाहिला, तर तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं. आत्याने मान हलवली. मला वाटलं, पटलं तिला. माझी चूक.

तो आला. पंधरवड्याची सुट्टी. विमानतळावर त्याला बघून माझे पाय जमिनीवर नव्हते. रविवारी दादा म्हणाला, सगळ्या नातेवाइकांना जावई बघायचाय, छोटा हॉल घेतलाय, जेवण ठेवलंय, जरा बरे कपडे घाल. मी घातले. हॉलच्या दारात पोचले आणि बघते तर काय, स्टेजवर फुलांची कमान, दोन खुर्च्या, ताटात दोन हार, आणि लग्न लावणारे गृहस्थ घड्याळ बघत उभे. फोटोवाला माझ्यावर दिवा रोखून म्हणाला, "ताई, जरा हसा."

हसा म्हणे!

मी याच्याकडे बघितलं. त्याने नजर चुकवली. म्हणजे यालाही माहीत होतं! आत्या आणि हा, दोघांनी फोनवर सगळं ठरवलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे! माझ्या अंगाची अशी लाही झाली की विचारू नका.

आत्या घाईघाईने आली. "आता लोकांसमोर तमाशा नको हं. दहा मिनिटांचं काम आहे."

"तमाशा तू मांडलायस आत्या, मी फक्त पडदा पाडते," म्हणाले आणि सरळ स्टेजवर चढले. माइकवाला 'हॅलो, हॅलो' करत होता. त्याच्या हातातून माइक घेतला. समोर सगळा गोतावळा बसलेला, मुलं खुर्च्यांखालून पळतायत.

"नमस्कार," मी म्हणाले. "आज लग्न नाही. आमचं लग्न होणार आहे, याच माणसाशी होणार आहे, पण सरकारी ऑफिसात, खरं. आज फक्त जेवण आहे. जेवून जा."

आत्या मटकन खुर्चीत बसली. मागून एक काका म्हणाले, "मग पाकिटं परत न्यायची का?" त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं.

तो माझ्यामागे धावत आला. स्टेजच्या बाजूला एक खोली होती, जुन्या खुर्च्या आणि सतरंज्या ठेवायची. तिथे मी वळून त्याला धारेवर धरलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग मी नाही म्हणणार हे माहीत असून केलंस! असंच करायचं असेल तर त्या पहिल्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला?"

हे त्याला फार लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. भिंतीला टेकून तो खाली बसला. "आईला दाखवायचं होतं गं," तो म्हणाला. "तिला वाटतं, तू येईपर्यंत आपण टिकणार नाही. म्हणाली, निदान फोनवर तरी बघू दे. म्हणून आत्याला हो म्हटलं." त्याने खिशातून फोन काढला. व्हिडिओ कॉल लावला. "ती वाट बघतेय."

हातात फोन घेतला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. पलंगावर उशांना टेकून ती बसली होती. तिकडे पहाट होती. या वेळेला उठून तिने केस विंचरले होते, नवे कपडे घातले होते, घडीच्या रेघाही त्यांवर अजून दिसत होत्या. नाकात ऑक्सिजनची नळी. मी तिला याआधी फोनवर पुष्कळदा बघितलं होतं, पण अशी नटलेली कधी नाही. मला रडूच कोसळणार होतं. एका शब्दात ती खूश झाली असती. बाहेर जायचं, हार घालायचा, दहा मिनिटं. आत्याचं तरी काय खोटं होतं?

पण घाईत बसवलेली कवळी आरशात छान दिसते आणि घास चावताना हिरडी सोलते. तसलं काम मी कधी लॅबच्या बाहेर जाऊ दिलेलं नाही.

"आई," मी म्हणाले, "आज लग्न नाही."

"का? हार आले नाहीत?"

"हार आलेत. मीच नाही म्हणतेय." आणि तिला सगळं सांगितलं. आज हे लग्न केलं तर अर्जावर मला खोटं लिहावं लागेल, आणि ते उघडं पडलं तर मला कधीच येता येणार नाही. "आणि खरं सांगायचं तर मला तो लवकरचा रस्ता पहिल्यापासून नको होता. तुमच्यासाठी हो म्हटलं होतं. आता नाही. मी इथे कायद्याने लग्न करणार आणि बायको म्हणूनच येणार."

"किती वेळ लागेल?"

"वर्ष. जास्तही."

"डॉक्टर मला तेवढं देत नाहीत."

"माहीत आहे."

"माहीत असून?"

"हो, माहीत असून. लवकर आले असते तर कामाला जाता आलं नसतं, परत इकडे येता आलं नसतं, साबणसुद्धा तुमच्या मुलाकडे मागावा लागला असता. तो चांगला आहे, लगेच देईल. पण मी एकदा तशी राहिलेय, आई. तशी मी मलाच आवडत नाही."

"म्हणजे माझ्या मरणापेक्षा तुझी नोकरी मोठी."

तो उठून फोन घ्यायला आला. मी हातानेच त्याला थांबवलं.

"मोठी नाही," मी म्हणाले. "पण तीही सोडणार नाही."

नळीतला वारा फसफसत होता. "मी केव्हाची नटून बसलेय," ती म्हणाली. "हे मी विसरणार नाही हं. मला फार राग आलाय तुझा."

"येऊ द्या. धरून ठेवा. मी येईपर्यंत सोडू नका. आले की समोर बसवून सगळा काढा."

"काढीनच! अशी कशी सोडेन?"

"मग त्यासाठी तुम्हाला थांबावं लागेल."

"आगाऊ आहेस," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी म्हटलं, आता हा ओरडेल. त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "ऑफिसात नोटीस दिल्यावर महिनाभर थांबावं लागतं, माझी सुट्टी तेवढी नाही," तो म्हणाला. "म्हणजे मला परत यावं लागेल."

"ये की मग."

"येतो," तो म्हणाला. "उद्या सकाळी नोटीस देऊ. आणि पुन्हा तुझ्यापासून काही लपवणार नाही." मग आम्ही बाहेर जाऊन पंगतीत वाढायला उभे राहिलो. आत्याच्या ताटात मीच वाढलं. ती बोलली नाही, पण जेवली.

लग्न झालं, दुसऱ्या खेपेला, ऑफिसच्या लाकडी बाकावर बसून. आत्या साक्षीदार. सही करताना रजिस्टरवाल्या बाईंना म्हणाली, "हिचं असंच असतं, सगळं कागदावर लागतं." आता माझा अर्ज तिकडे आहे आणि मी इथे, रोज लॅबमध्ये. आणि दर रविवारी सासूबाईंचा फोन येतो, फक्त भांडायला. तू मला फसवलंस, तू हट्टी आहेस, तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही. मी ऐकून घेते आणि म्हणते, अजून बोला. मधे दोन रविवार फोन आला नाही, ती हॉस्पिटलमध्ये होती. ते दोन रविवार मी कसे काढले, माझं मला माहीत. मी बरोबर केलं का, हे तेव्हा स्वतःला शंभरदा विचारलं. उत्तर दर वेळी हो आलं आणि दर वेळी रडू आलं.

परवा व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली. त्याला सांगायच्या आधी मी सासूबाईंना फोन केला. आवाज अगदी खोल गेला होता, दोन शब्दांनंतर धाप लागत होती.

"किती राहिलंय अजून?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"एवढं?" ती म्हणाली.

मग म्हणाली, "सकाळची गोळी मी बंद केली होती. फार कडू आहे. उद्यापासून घेते पुन्हा. तुला अजून पुष्कळ बोलायचंय मला."