आईंच्या परतीचे माइल्स

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे ‘वैमानिक’ म्हणायचे. माणूस लिफ्टच्या कंपनीत, सुट्या भागांच्या गोदामावर. विमानात बसायचा योग वर्षा-दोन वर्षांतून एखादा. पण साठवले की फुकट तिकीट देणारे विमान कंपनीचे माइल्स कुठल्या मार्गावर दुप्पट, कुठल्या कार्डावर बूट घेतले की किती जमा होतात, हे सगळं तोंडपाठ. लग्नाचा वाढदिवस मात्र मी आठवण करून द्यायची. आमचा फ्रीज, बाथरूमचा नळ, माझा चष्मा, सगळं माइल्स देणाऱ्या दुकानातून आलेलं. मी स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला, तिथे मला सवलत, आणि माझाच चष्मा दुसऱ्या दुकानातून! सांगा आता, काय बोलायचं?

आता तशा ऑफर्स राहिल्या नाहीत. परवा मोबाइलवर एक आली, ‘खास तुमच्यासाठी’. वाचून बघितलं तर जगाला दोन फेऱ्या मारा आणि एक सँडविच फुकट खा, असा सगळा मामला. मला हसू आलं आणि मग सासूबाईंची फार आठवण आली. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या असत्या तर त्यांनी आधी कंपनीचा उद्धार केला असता आणि मग हळूच विचारलं असतं, “पण सँडविच कशाचं आहे?”

हे सगळं सुरू झालं माझ्या नणंदेच्या बाळंतपणावरून. ती लग्न करून समुद्रापलीकडे गेलेली. नवरा अजून शिकत होता, दोघं त्याच्या विद्यावेतनावर कसंबसं भागवत होती. तिला दिवस गेले. पहिलंच बाळंतपण, जवळ कुणी नाही. आईंना, म्हणजे सासूबाईंना, तिच्याकडे जायचं होतं, आणि तिकिटाचा आकडा ऐकला की आमच्या घरात सगळे गप्प व्हायचे. आई तोंडाने काही म्हणायच्या नाहीत. लेकीचा फोन झाला की रिसीव्हर खाली ठेवून त्यावर हात तसाच ठेवून उभ्या राहायच्या. अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात घालवलेली बाई ती. मला बघवायचं नाही.

म्हणजे आमचं गूळपीठ होतं असं समजू नका. छे! भांडी पालथी घालायची की उताणी, खिडकी उघडी ठेवायची की बंद, टॉवेल कुठल्या दोरीवर, प्रत्येक गोष्टीवरून आमचं वाजायचं. मी एक बोलले की त्या दोन बोलायच्या, आणि त्याही एक्स्चेंजच्या त्या स्वच्छ, थंड आवाजात. समोरच्याचा तिळपापड व्हायचा. हे बिचारे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचे.

अशात एक दिवस हे घरी आले ते नाचतच. विमान कंपनीने जवळच्या एका शहराला नवीन विमान सुरू केलं होतं. तिकिटं मातीमोल, आणि वर बोनस. एकाच घरातली दोन माणसं बरोबर गेली की दोघांनाही दुप्पट. काही फेऱ्या मारल्या की दोघांचे माइल्स एकत्र करून समुद्रापलीकडचं जायचं-यायचं तिकीट फुकट!

“मला रजा नाही मिळणार,” हे म्हणाले. “तू आणि आई जा.”

“कुठे जा?” मी विचारलं.

“कुठेच नाही. तिथे उतरायचं, आणि पुढच्या विमानाने परत यायचं.”

“अहो, पण तिथे करायचं काय?”

“काही नाही करायचं. तेच तर सांगतोय.”

मी कपाळाला हात लावला. आईंनी मात्र कपाटातून आपला चांगला कोट काढून गॅलरीत उन्हात टाकला होता.

पहिल्या फेरीला त्यांनी विमान उडताना माझं मनगट असं आवळलं की बांगडी असती तर फुटली असती. वर गेल्यावर म्हणाल्या, “मी घाबरले नव्हते, तुला धीर देत होते.” तिकडे उतरलो. मोठ्या काचेजवळ खुर्च्या होत्या, तिथे बसलो, घरचा डबा खाल्ला आणि त्याच विमानात पुन्हा चढलो. दारातल्या हवाईसुंदरीने आम्हाला ओळखलं. “काही विसरलात का मॅडम?” तिने विचारलं. मी शरमेने अर्धी झाले. आई ताठ उभ्या राहून आपल्या एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाल्या, “नाही. मीटिंग लवकर आटोपली.”

पुढच्या रविवारपासून त्या सासऱ्यांची जुनी ऑफिसबॅग घेऊन यायला लागल्या. आत डबा आणि शाल. पण चालायच्या अशा की जणू कुठे मोठा सौदा करायला निघाल्यात. विमानातली मुलंमुली आम्हाला ओळखायला लागली. “आज कशी झाली मीटिंग?” ती विचारायची. “समोरचे लोक अडून बसलेत,” आई सांगायच्या. मला हसू आवरायचं नाही.

आणि त्या खुर्च्यांवर आमचं बोलणं सुरू झालं. घरी कधीच झालं नव्हतं, कारण घरी भांडायला भांडी होती, खिडक्या होत्या. इथे काहीच नाही, नुसती काच आणि बाहेर सामानाच्या गाड्या. त्यांनीच मला सांगितलं की सासरे लग्नाआधी रोज एक्स्चेंजला फोन करून वेळ विचारायचे, मनगटावर घड्याळ असून. “मला कळायचं ना,” त्या म्हणाल्या, “पण मी मुद्दाम पाच मिनिटं पुढची सांगायची.” मी त्यांना सांगितलं की मला मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे जाते, आणि ह्यांच्यासमोर मी रडत नाही. त्यांनी काही उपदेश केला नाही. डब्यातला शेवटचा घास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “माझ्यासमोर रड मग.” मी रडले. भर विमानतळावर, लोकांच्या देखत. इतकं हलकं वाटलं मला, अजून आठवतं.

फेऱ्या संपल्या तेव्हा खरं सांगते, मला वाईट वाटलं.

मग वैमानिकसाहेबांनी हिशेब काढला आणि त्यांचा चेहरा पडला. ऑफरसाठी आधी नाव नोंदवावं लागतं. ह्यांनी माझं नोंदवलं होतं. आईंचं राहिलं होतं! दुप्पट मिळाले ते मलाच. आईंच्या खात्यात नुसते साधे माइल्स, बोनसचा पत्ता नाही. सगळे मिळून फक्त जायचं तिकीट होत होतं, यायचं नाही.

“स्वतःच्या आईचं नाव विसरलात?” मी कडाडले. “गल्लीतल्या लोकांना फुकट सल्ले देता, बुटांचे माइल्स मोजता, आणि आई विसरता?”

हे खाली मान घालून बसले. आई म्हणाल्या, “ओरडू नकोस त्याच्यावर. जायचं होतंय ना? मग मी जाते.”

“आणि परत कशा येणार?”

“बघू.”

“बघू काय बघू?” माझा आवाज आणखी चढला. “ह्यांच्या भरवशावर बसाल तर तिथेच राहाल. मी आणते तुम्हाला परत. मी जमवते.”

आईंनी माझ्याकडे नीट बघितलं. तिकडे लांब मुक्कामाच्या परवानगीचे कागद नणंदेने करून घेतले आणि आई गेल्या.

मला वाटलं होतं, आता घर माझं. भांडी हवी तशी पालथी घातली, खिडक्या सताड उघडल्या. आठवडाभरात इतकी कंटाळले की एकदा भांडी मीच उताणी घालून बघितली.

मग मी माइल्सच्या मागे लागले. ह्यांनी आयुष्यात केलं नसेल एवढं. किराणा, औषधं, पडदे, सगळं बघून बघून घ्यायची. दुकानातल्या मैत्रिणींना सांगायची, तुमची खरेदी माझ्या कार्डावर करा आणि पैसे मला द्या. त्या मला चिडवायच्या. नवी ऑफर आली की आधी नाव नोंदवायची आणि मग श्वास घ्यायची. तोच जुना मार्ग, एकटीने जायची, एकटीने यायची. त्या काचेजवळच्या खुर्चीत बसून डबा उघडला की शेवटचा घास तसाच ठेवायची. “मोठ्या मॅडम नाहीत?” विमानातल्या मुलीने विचारलं. मी सांगितलं, “त्यांची परदेशात बदली झालीये.”

नणंदेला मुलगी झाली. आई दर रविवारी फोन करायच्या. बाळाचं सगळं सांगून झालं की शेवटी विचारायच्या, “कुठवर आलं?” मी सांगायची, “निम्म्याच्या पुढे.” मग, “थोडेच राहिलेत.” ऑफर्स आटत चालल्या होत्या. जे पूर्वी एका फेरीत मिळायचं त्याला आता तीन लागत. तिकडे बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, आई अजून तिथेच. त्यांचा आवाज फोनवर थकलेला वाटायचा. त्यांचं वय काही थांबून राहणार नव्हतं आणि माझा जीव खालीवर व्हायचा. आपण शब्द दिला आणि ह्या बाईला परत घर बघायच्या आतच काही झालं तर? रात्रंदिवस तेच डोक्यात.

शेवटी एकदाचे जमले. ह्यांना दाखवले, दोघं किती खूश झालो! दुसऱ्या दिवशी तिकीट काढायला फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, “मॅडम, आजपासून नवे दर आहेत. या तिकिटाला आता दीडपट माइल्स लागतील.”

“आजपासून?” मी म्हटलं. “काल रात्री होते ना रे तेवढे?”

“हो मॅडम. आजपासून बदललंय.”

त्याला मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. त्या पोराचा काही दोष नव्हता. शेवटी तोच मला म्हणाला, “मॅडम, पाणी प्या.”

“आणखी एक वर्ष,” हे चाचरत म्हणाले. “एखादी चांगली ऑफर आली की—”

“घाला चुलीत तुमच्या ऑफर्स!” मी म्हटलं. स्वयंपाकघर नवीन करायला ठेवलेले पैसे मी काढले आणि सरळ तिकीट विकत घेतलं. पूर्ण पैशाचं.

फोनवर आई किंचाळल्या. “विकत? डोकं फिरलं का तुझं?”

“हो, फिरलं.”

मग म्हणाल्या, “बरं. कधीचं आहे?”

आल्या त्या वाळून आल्या होत्या. केस आखूड कापलेले. मी म्हटलं, “अय्या, मेमसाब!” त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. घरी येऊन झोपल्या त्या दुसऱ्या दिवशी उठल्या, आणि उठल्या उठल्या, “ही खिडकी कुणी उघडी टाकली?” म्हणून सुरू झाल्या. मी पण सोडते होय! आमचं मस्त जुंपलं. हे वर्तमानपत्र घेऊन बाहेर पळाले. मला वाटलं, देवा, लागलं घर मार्गाला.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. आई नीट पोचल्या का, झोपल्या का, सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली, “वहिनी, एवढे पैसे कशाला घातलेस गं? मी केव्हाची म्हणत होते, मी काढते तिकीट. मला नोकरी लागून दीड वर्ष झालं. दर महिन्याला म्हणायचे. आई ऐकायचीच नाही.”

“काय?” मी म्हटलं.

“हो. म्हणायची, तू नको, ती जमवतेय. तिला बोलूही नकोस.”

दीड वर्ष! मी इकडे पडदे बदलत होते, एकटी विमानातून हेलपाटे घालत होते, देवाला हात जोडत होते. फोन ठेवला आणि तडक आत गेले. आई पलंगावर बसून बॅगेतून कपडे काढत होत्या.

“आई, तुम्हाला लाज नाही वाटत?” मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं आणि राग तर मस्तकात गेलेला. “लेक तिकीट काढत होती आणि तुम्ही मला झुलवत ठेवलंत? इकडे माझा जीव जात होता काळजीने! तुम्हाला यायचंच नव्हतं का?”

त्यांनी हातातला कपडा खाली ठेवला. एक्स्चेंजचा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

“रोज यायचं होतं,” त्या म्हणाल्या. “पण लेकीने तिकीट काढलं असतं तर तिचं काम झालं म्हणून तिने म्हातारीला परत पाठवलं, असं झालं असतं. तुझ्या सासऱ्यांच्या मागे सगळी मला इकडून तिकडे पाठवतातच गं. मला कुणी बोलावून आणलेलंच नव्हतं. तू म्हणालीस, मी आणते. मला तेच हवं होतं.”

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी आपल्या पदराने माझं तोंड पुसलं.